इंदूचे उलटे बाण

इंदू, काल दुपारी भोंगा वाजला अन् त्यामागून पंप सुरू झाला. हे सगळ्यांत आधी तुले सांगतो. तू असती तर पहिला फोन तुलेच केला असता. तुझा नंबर अजून मोबाइलात आहे, बोट तिथपर्यंत गेलंही होतं. मग मोबाइल ठेवला अन् वही काढली.

माझं अक्षर तुले माहीत आहे. चौथीत शाळा सुटली ते तेवढंच राहिलं. मी चिठ्ठी लिहिली की तू आधी लाल पेन काढायची अन् मग वाचायची. आता काढ म्हणा पेन.

तेरवीच्या दिवशी कितीतरी लोक बोलले. बाई किती शिकली, भंडाऱ्यात किती पोरींले कम्प्यूटर शिकवला, किती शांत स्वभावाची होती. शांत! मी ऐकून घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी नाही म्हणून कोणीतरी मागं कुजबुजलं, म्हातारा दगडाचा आहे. म्हणू दे. मले जे सांगायचं होतं ते पंपघराचं होतं, पंगतीत सांगण्यासारखं नव्हतं.

तू रिटायर झाली अन् दर बुधवारी कारध्याहून बसनं इकडे येऊ लागली. वहिनीच्या हातची भाकर खायले येतो म्हणायची, पण खरं तर तुले घरी बसवत नव्हतं. मी त्या वेळेसही पाणकरच. नदीवरचा सोसायटीचा पंप वैनगंगेचं पाणी पाटात टाकते अन् ते पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कधी जाईन हे मी सांगतो. चाळीस वर्षांपासून सांगून राहिलो. माझ्या शब्दावर आजवर कोणी फावडं उचललं नाही. पण विजेच्या लाइनचं काही खरं नव्हतं. कधी येईन, कधी जाईन, अन् पंप लावायले ठेवलेला आपला यादो तिथं बिड्या फुकत बसून राहे. नदी खाली गेली तरी पंप चालू ठेवे, एक फेज गेला तरी चालू ठेवे. दोनदा मोटर जळली.

तू म्हणाली, "दादा, माझ्याकडे एक जुना कम्प्यूटर पडला आहे. लाइन आली की तो आधी नदीची पातळी पाहीन, तिन्ही फेज पाहीन, अन् मगच पंप लावीन."

"कम्प्यूटर पाणी सोडीन, मग मी काय करू?"

"तू भांडजो. ते काम त्याले येत नाही."

कम्प्यूटर आला. पण लाइन गेली अन् परत आली की कधी पंप लागे, कधी लागत नसे. मले आनंदच झाला, खोटं कायले बोलू. मी म्हटलं, घेऊन जा तुझा डबा. तर तू म्हणाली, डबा चांगला आहे, आतले लोक एकमेकांसाठी थांबून नाही राहिले.

तेव्हा तू मले पहिल्यांदा समजावून सांगितलं. कम्प्यूटर सुरू झाला की आत एक-एक काम उठते. एक घड्याळ लावते, एक पातळी वाचते, एक फेज पाहते, एक भोंगा वाजवते, एक पंपाले हुकूम देते. तू त्याले सर्विस म्हणायची, मी गडी म्हणायचो. अन् त्या साऱ्या गड्यांचा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. कोण कधी उठन अन् कोणासाठी थांबन, हे तो पाहते. त्याले नीट सांगितलं नाही तर पंपाचा गडी पातळीच्या गड्याच्या आधी उठते, अन् विचारायले कोणी नाही म्हणून परत झोपते.

"मग सांग त्याले नीट," मी म्हटलं.

"आधी पाहा तर लागन, कोण कोणाच्या भरवशावर आहे."

अन् पुढच्या बुधवारी तू तो कागद आणला. कम्प्यूटरनंच काढलेलं चित्र, भंडाऱ्यात छापलेलं, चार कागद चिकटवून. शेकडो डबे अन् त्यांच्यामधून हजार रेघा. मी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"बाप्पा! इंदू, हे चित्र होय की बोरीचं झुडूप? यात आपला पंप कुठं आहे?"

तू बोट फिरवत गेली. फिरवतच राहिली. तुलेच सापडेना. मग खाली बसून इतकी हसली की तुझी वहिनी चुलीपासून उठून पाहायले आली. "सगळंच दाखवलं की काहीच दिसत नाही, दादा," तू म्हणाली. तो कागद तुझ्या वहिनीनं फडताळात अंथरला. अजून आहे, त्याच्यावर लोणच्याची बरणी आहे.

मग तू कम्प्यूटरले सांगितलं, फक्त पंपाशी नातं असलेले दाखव. सात डबे उरले. ते तू स्वतः चार्ट पेपरवर काढले, मराठीत नावं लिहिली, अन् माझ्यासाठी प्रत्येकाले आकडा दिला. पडद्यावरही तेच आकडे. एक घड्याळ, दोन भोंग्याची तार, तीन पातळीची तार, चार भोंगा, पाच पातळी, सहा फेज, सात पंप. रेघा तीन रंगांच्या. हिरवी म्हणजे नुसतं आधी-नंतर. काळी म्हणजे तो नसन तर हाही नाही. अन् पंपाकडून घड्याळाकडे जाणारी एक राखाडी, तुटक-तुटक.

"ही काय? नसलं तरी चालते, अशी?"

"नाही दादा. हवं आहे. पण नाही आलं तर थांबू नको."

"एकच झालं."

"एकच नाही होत."

त्यावर आपण भाकरी थंड होईपर्यंत भांडलो अन् कोणीच जिंकलं नाही. पण खरं भांडण त्याच्या पुढचं होतं. बाणांचं.

तुझे सारे बाण पंपाकडून निघायचे. पंपाकडून पातळीकडे, पातळीकडून तिच्या तारेकडे. मी म्हटलं, उलटं आहे. आधी तार उठते, मग पातळी, मग पंप. पाणी वरून खाली येते, मग बाण खालून वर काहून? मी चाळीस वर्षं पाण्याची वाट पाहून राहिलो, मले शिकवू नको.

"दादा, हा बाण पाण्याचा नाही. ज्याले गरज आहे तिथून निघते, अन् ज्याची गरज आहे तिथं जाऊन टेकते."

"गरजवाल्यानं बाण कायले मारायचा? देणारा मोठा. बाण देणाऱ्याचा."

"तू नं, दादा, फक्त देणाऱ्याच्या बाजूनं पाहते."

ते मले लागलं होतं, इंदू. तेव्हा सांगितलं नाही.

मी बोलणं वळवलं. घड्याळाच्या डब्यावर बोट ठेवलं. त्यातून एकही बाण निघत नव्हता. "हा कोणाच्याच भरवशावर नाही?"

"या चित्रात तरी नाही."

"मग हा मी."

"हो काय? अन् रोज सकाळी चष्मा कोण शोधून देते तुले?" तू म्हणाली, अन् वहिनीले टाळी दिली.

भोंग्यावर मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. पंपाच्या आधी भोंगा वाजला पाहिजे, हे तुलेही मान्य होतं. पाटात बायका गवत कापतात, म्हशी बसतात. पण तुझं म्हणणं होतं, हिरवी रेघ देऊ अन् राखाडी देऊ, काळी नको. "उद्या भोंगा बिघडला तर उभं धान वाळू देशीन काय?" मी म्हटलं, "होय. वाळू दे. भोंग्याशिवाय पाणी नाही." तू तीन बुधवार समजावलं. हिशेबानं, शांतपणानं, मग रागानं. मी एकच वाक्य बोलत राहिलो. शेवटी तू काळी रेघ ओढली, पेन आपटला अन् त्या दिवशी न जेवता बसमध्ये बसली. माझ्या घरून तू उपाशी गेली तो एकच दिवस.

पण त्या दिवसापासून डबा चालला. दोन वर्षं. लाइन आली की भोंगा, भोंगा झाला की पंप. यादो घरी झोपायले लागला. अन् मग तू गेली. सकाळी वहिनीशी फोनवर अर्धा तास बोलली, दुपारी गेली. कारध्याच्या घाटावर मी उभा होतो. तुझी राख पाण्यात सोडली तेव्हा पाणी कमरेइतकं होतं अन् गार होतं. बस, त्याच्याबद्दल एवढंच.

तेरवीनंतर पाचव्या दिवशी पंप लागला नाही.

धान निसवून राहिलं होतं. या वेळेस पाणी तुटलं तर लोंबी पोचट निघते, हे तुले सांगायची गरज नाही. पाटाच्या टोकाच्या बांध्यांत भेगा पडायले लागल्या होत्या. लाइन होती, नदीत पाणी होतं, पंप ठीक होता, पण गडी उठेना. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंपघरावर गेलो तर तिथं सभाच भरलेली. सोसायटीचा अध्यक्ष रामकृष्ण, दहा-बारा शेतकरी, अन् नागपूरचा एक माणूस. त्याच्या हातात पंप चालवायची नवी पेटी.

"काका, बाई गेल्या, त्यांचं त्यांच्यासंग गेलं," रामकृष्ण म्हणाला. "हे समजणारं आता कोणी नाही. कम्प्यूटर काढून पेटी बसवून टाकू. तोवर यादो हातानं पंप लावीन."

"भोंग्याशिवाय?"

"एक दिवस भोंगा नाही वाजला तर काय होते?"

मी दारात उभा राहिलो. बटण आत होतं. मले बाजूले सारून आत जायची हिंमत कोणाची झाली नाही. नागपूरवाल्याले मी विचारलं, "अन् ही पेटी बंद पडली मग?"

"आमचा माणूस येईल, काका. दोन-तीन दिवसांत."

"दोन-तीन दिवस धानाले काय सांगायचं? साहेब येऊन राहिले, थांब?"

लोक हसले. रामकृष्ण नाही हसला. "तुम्हाले कम्प्यूटरमधलं काय समजते, काका?"

"काही नाही समजत. चित्रातलं समजते. जेवणाच्या वेळेपर्यंत मले द्या. तोवर या डब्याले कोणी हात लावायचा नाही. मले नाही सापडलं तर मी स्वतः उचलून बाहेर ठेवीन."

बोलून गेलो, इंदू. मग भिंतीवर लावलेल्या तुझ्या चार्ट पेपरपुढं उभा राहिलो. सगळे मागं उभे. हा डबा हरला तर तुझं या गावात काय उरन? फडताळातला एक कागद.

मी माझ्या पद्धतीनं गेलो. वरून खाली. एक नंबर, घड्याळ, त्यापासून पुढं कुठं जाते ते पाहू लागलो. पण सारे बाण माझ्या तोंडावर येऊन राहिले होते. घड्याळ ठीक, दोन भोंग्याचा, पाण्याचा नाही म्हणून सोडला, तीन नंबर ठीक, तीनकडून पाच, पाच ठीक. पाण्याच्या वाटेवरचा एक-एक गडी तपासतो, सगळे चांगलेच निघतात, अन् पंप झोपलेला. अर्धा तास गेला. मागून कोणी खोकलं.

मग मी पडद्याकडे नीट पाहिलं. शेकडो गड्यांच्या यादीत लाल-पांढरे टिपके कितीतरी, त्यात आपले सात शोधा लागत होते. तू शिकवलं होतं, हिरवा टिपका म्हणजे उठला, लाल म्हणजे पडला, पांढरा म्हणजे उठलाच नाही. सातवर पांढरा टिपका होता. नागपूरवाला म्हणून राहिला होता, पंपाचीच सर्विस गेली. पण तो पडला नव्हता. तो कोणाची तरी वाट पाहून थांबला होता. अन् कोणाची, हे त्यालेच विचारायले पाहिजे होतं.

मी बोट सातवर ठेवलं अन् म्हटलं, सांग बावा, तुले काय पायजे? तुझा बाण म्हणाला, सहा. सहा हिरवा. पाच. हिरवा. चार. चार पांढरा. तोही थांबलेला. बोट चारवर नेलं. तुले काय पायजे? त्याच्यातून एकच बाण निघत होता, दोनकडे. पडद्यावर पाहिलं. दोन लाल.

दोन मिनिटं लागली. उलटे बाण, इंदू. तुझे बाण विचारत जातात. माझे देत जातात. कोणाले काय द्यायचं ते पाहायचं असन तर माझा बाण बरोबर आहे, त्यावर मी अजून कायम आहे. पण कोणी काहून अडला ते शोधायचं असन तर अडलेल्यापासूनच निघा लागते, अन् त्याच्यासाठी तुझाच बाण पायजे. एवढं मी लिहून देतो. याच्या वर नको मागू.

टेबल सरकवलं. भोंग्याकडे जाणारी तार मधोमध कुरतडलेली. अन् तिथंच, टेबलाच्या मागं, यादोची चिवड्याची थैली. उंदीर चिवड्यासाठी आले अन् तार तोंडी लावून गेले.

"यादो!" मी ओरडलो.

"मी तर थैली बांधून ठेवतो!" तो म्हणाला. दोन वर्षं घरी झोपतो, पण चिवडा याचा ड्युटीवर.

लोक हसत होते तेवढ्यात रामकृष्ण चित्राजवळ गेला. त्याले वाचता येते, हा एक त्रास आहे. "पण काका, तार भोंग्याची तुटली, तर पंप काहून अडला? भोंगा नाही तर नाही, पंप तर चांगला आहे." अन् मग त्यानं सातकडून चारकडे जाणारी काळी रेघ पाहिली. तिच्या बाजूले तू पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहून ठेवलं होतं. दोन वर्षं मी ते पाहिलं नव्हतं, इतकं बारीक. त्यानं मोठ्यानं वाचलं.

"ही रेघ दादाची. मला मान्य नाही."

सारं पंपघर हसलं. नागपूरवालाही हसला. मी कान गरम होऊ दिले.

"होय," मी म्हटलं. "तिची चूक नाही, डब्याची चूक नाही. रेघ माझी आहे. अन् राहीन."

यादोले मोटरसायकलवर अड्याळले पिटाळलं. प्रिंटरची तार लागते ही, तोंड चौकोनी, हे तुकडा दाखवून सांगितलं. तो आला तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती, पण डब्याले कोणी हात लावला नाही. तार लावली. कम्प्यूटर बंद करून चालू केला. एक हिरवा. दोन हिरवा. सगळे आकडे पाहून राहिले होते, जसं मतमोजणीले उभे आहेत. चार हिरवा झाला अन् छपरावर भोंगा वाजला.

मी बाहेर आलो. पाटाच्या वळणावरून तीन बायका विळे घेऊन वर चढल्या, एकीच्या डोक्यावर गवताचा भारा. वर आल्यावर एकीनं मागं वळून हातवारे केले, अन् आणखी एक म्हातारी हळूहळू चढली. तिले वेळ लागला. ती काठावर पोचली अन् मग पंपाचा आवाज आला.

रामकृष्ण माझ्या बाजूले उभा होता. त्यानंही पाहिलं. पेटीवाल्याले त्यानं स्वतः बसपर्यंत सोडलं.

आता उरलेलं एक सांगतो. तू तीन बुधवार विचारत होती, दादा, एवढा हट्ट काहून? त्या एका वाक्याशिवाय मी एवढंच म्हणायचो, मायचा पाय. तुले तेवढंच माहीत होतं की तलावाच्या पाटात माय गवत कापत होती, पाणी अडवणाऱ्या दाराची फळी पाण्याच्या जोरानं निघाली, माय वाहत जाऊन पुलाच्या दगडावर आपटली अन् जन्मभर लंगडत राहिली. तू शाळेत होती त्या दिवशी. फळी जोरानं नाही निघाली, इंदू. मी काढली. आपल्या बांधीत दुसऱ्याच्या आधी पाणी यावं म्हणून. हाक नाही मारली, कारण हाक मारली असती तर सगळ्यांले समजलं असतं. मायले माहीत होतं. तिनं कोणाले सांगितलं नाही, अन् मलेही कधी बोलून दाखवलं नाही. ज्या माणसानं हाक नाही मारली त्याच्या हाती पुढं गावानं पाणी दिलं. म्हणून भोंग्याची रेघ काळी आहे. तुले हे सांगितलं असतं तर पहिल्याच बुधवारी तू ती ओढून दिली असती अन् जेवून गेली असती. माझ्या तोंडातून नाही निघालं. तुझ्याच भाषेत, मी तिथं पांढरा टिपका होतो.

आज सकाळी पंपघरात एकटा होतो. तुझ्या चित्राच्या खाली जागा रिकामी आहे. पेन्सिल घेतली अन् एक डबा काढला. त्यात लिहिलं, दादा. वर कोपऱ्यात दुसरा काढला, इंदू. माझे डबे वाकडे निघाले, तू पुन्हा काढले असते.

मग बाण. पाणी तर तुझ्याकडूनच येते. कारध्याच्या घाटावरून निघालेलं पाणी खाली आपल्या पंपाखालीच पोचते, अन् आपला पंप तेच उचलते. माझ्या हिशेबानं बाण तुझ्याकडून माझ्याकडे काढायले पाहिजे होता. हात तिथंच गेला होता. पण मी माझ्या डब्यापासून सुरुवात केली अन् तुझ्या डब्याले नेऊन टेकवला. ज्याले गरज आहे तिथून निघते.

रेघ कशी काढावी यावर थोडा थांबलो. काळी काढली तर तुझ्या नियमानं मी आता इथंच अडायले पाहिजे. पण टोकाच्या बांध्यांले अजून दोन पाणी द्यायचे आहेत. अन् त्या भांडणात तू जिंकली, एकच नाही होत ते. हवं आहे, पण नाही आलं तर थांबू नको.

तुटक काढली, इंदू. पेन्सिलीचा रंग राखाडीच असते.

भोंगा वाजून राहिला. मी पाटावर जातो.